खाटेवरून उठवणारी डॉक्टर

डॉ. मार्जरी वॉरन (१८९७-१९६०) यांचा मूळ ओढा शस्त्रक्रियेकडे होता. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचे गरिबांसाठीचे जुने रुग्णालय ताब्यात घेतले आणि तिथल्या ७१४ रुग्णांची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांत असंख्य वृद्ध होते. कायमचे आजारी म्हणून त्यांच्यावर उपचारच होत नव्हते. अंथरुणात पडून राहिल्याने सांधे आखडत, स्नायू झिजत, पाठीला जखमा होत.

वॉरन यांनी रुग्णांना तपासले, आजारांनुसार त्यांची विभागणी केली. वॉर्डांना नवा रंग, चांगला उजेड दिला, चालताना आधाराला कठडे बसवले. परिचारिका, व्यायामोपचारतज्ज्ञ आणि समाजसेविका एकत्र काम करू लागल्या. अनेक वृद्ध चालू लागले. काही तर घरीही परतले.

१९४३ मध्ये त्यांनी लेख लिहून आग्रह धरला, की वृद्धांचा विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच हवा. तिथेच वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि परिचारिकांना ही शुश्रूषा शिकता येईल. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये वृद्धोपचारतज्ज्ञांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला केवळ वयामुळे सोडून न देता आधी नीट तपासावे, हा त्यांचा धडा आजही वृद्धोपचाराचा पाया आहे.