आयझॅक वॉल्टन

आयझॅक वॉल्टन यांचा जन्म इंग्लंडांतील स्टॅफर्ड गांवीं १५९३ सालीं झाला. लंडनमध्यें ते कापडाचा व्यापार करीत. परंतु त्यांची कीर्ति झाली ती गळानें मासे धरण्याच्या कलेवरील ग्रंथामुळें. 'दि कम्प्लीट अँगलर' नामक हा ग्रंथ १६५३ सालीं प्रसिद्ध झाला.

ट्राउट नांवाचा मासा पाण्यावरील माशा खातो; म्हणून गळावर पिसें, लोकर व रेशीम बांधून कृत्रिम माशी करितात. महिन्यागणिक नदीवरील माशा बदलतात. तेव्हां योग्य माशी निवडणें हेंच खरें कौशल्य होय. वॉल्टन यांनीं परंपरागत बाराच माशा सांगितल्या, व या बाबतींत आपण टॉमस बार्कर यांचे ऋणी आहों, हें मोकळेपणानें लिहिलें.

पुढें १६७६ च्या पांचव्या आवृत्तींत त्यांनीं आपल्याहून ३७ वर्षांनीं लहान अशा चार्ल्स कॉटन यांच्या लेखणीस जागा दिली. डव्ह नदीकांठीं राहणाऱ्या कॉटन यांनीं महिनेवार ६५ माशा वर्णिल्या. पहिला मासा हातीं येतांच त्याचें पोट चिरून त्यानें कोणती माशी खाल्ली तें पाहावें, व तशीच माशी गळास लावावी, असा त्यांचा उपदेश आहे.

वॉल्टन १६८३ सालीं विंचेस्टर येथें निवर्तले. डव्हकांठच्या कॉटन यांच्या छोट्या घरावर या दोघां मित्रांचीं आद्याक्षरें एकत्र गुंफलेलीं आजही दिसतात. धाकट्यास आपल्याहून अधिक येतें हें कबूल करणें आम्हां शिक्षकांस कठीण वाटतें. वॉल्टन यांस तें वाटलें नाहीं, म्हणूनच त्यांचा ग्रंथ पूर्णत्वास गेला.