तापलेलं इंजिन आणि शंतनुराव किर्लोस्कर

आधीच एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोलते, पण लिहायची वेळ आली की ऱ्हस्व-दीर्घाशी भांडण सुरू होतं. तेव्हा चुका सांभाळून घ्या. हा लेख मला लिहायचाच होता, कारण त्यामागे एक भाजलेला हात आहे.

मे महिन्यातली गोष्ट. शिरूरहून मामाच्या गाडीतून आम्ही दौंडकडे निघालो होतो. दुपारचे दोन, बाहेर चाळीसच्या वर तापमान, गाडीत पाच जण आणि एसी फुल्ल. न्हावरे ओलांडून भीमेच्या पुलाकडे येईपर्यंत टेंपरेचरचा काटा वर सरकला, एसीतून गरम वारा यायला लागला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. मामाने गाडी कडेला घेतली, हातावर फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. पुढचं सांगायला नको. उकळतं पाणी उसळलं आणि मामाचा हात कोपरापर्यंत भाजला.

मी शेजारी उभी होते. मेकॅनिकल, तिसरं वर्ष! प्रेशर कॅपचं कार्य मी परीक्षेत चार मार्कांना लिहिलं होतं. झाकणामुळे आतला दाब सुमारे 0.9 बारने वाढतो, त्यामुळे पाणी 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं आणि झाकण उघडलं की दाब उतरून त्याची क्षणात वाफ होते. सगळं पाठ होतं. तोंडातून मात्र एक शब्द निघाला नाही.

शेजारच्या उसातून एक आजोबा धावत आले. त्यांनी मामाचा हात बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरला. ते पाणी त्यांच्या डिझेल पंपाचं होतं. मोटर आहे, पण लाइट गेली की हेच जुनं इंजिन कामाला येतं, असं ते म्हणाले. इंजिनातून एक बारीक नळी बाहेर आली होती आणि तिचं कोमट पाणी पाटात पडत होतं. बोलता बोलता आजोबांनी त्या धारेखाली हात धरून बघितला आणि समाधानाने मान हलवली. त्यांचा टेंपरेचर गेज म्हणजे त्यांचा तळहात! इंजिनाच्या पाटीवर नाव होतं, किर्लोस्कर. हेच नाव आपल्या आयसी इंजिन लॅबमधल्या टेस्ट रिगवरही आहे. हीट बॅलन्स शीट आपण त्याच्यावरच काढतो. पण नावामागचा माणूस आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मला तरी नव्हता. सुट्टीत वाचून काढला, तो असा.

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 28 मे 1903 रोजी सोलापूरला झाला. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ऐन उन्हाच्या गावी! वडील लक्ष्मणराव आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत. पुढे ते बेळगावला आले, सायकली विकल्या आणि शेतीची अवजारं बनवू लागले. लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवायला त्यांना दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा समजूत होती. नंतर बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचं माळरानच होतं ते. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे त्यांनी इंग्रजी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ नाव दिलं, त्यातला कॅक्टस याच माळावरचा असणार असं मला वाटतं.

शिक्षणासाठी ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि 1926 साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परत आले. त्या काळी तिथून पदवी घेतलेले भारतीय बोटावर मोजण्याइतके होते. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, पण ते गेले थेट किर्लोस्करवाडीला. त्याच वर्षी किर्लोस्करांनी सेंट्रिफ्यूगल पंप बनवला होता. आता पंप फिरवायचा तर काहीतरी लागणार. वीज खेड्यात नव्हतीच. मोटेला बैल होते, पण नदीचं पाणी उंच शेतात चढवणं बैलांचं काम नव्हे. म्हणजे इंजिन हवं. साताऱ्याला कूपर यांनी 1930 च्या दशकात डिझेल इंजिन बनवायला सुरुवात केली होती, तरी देशाची गरज फार मोठी होती आणि बरीचशी इंजिनं परदेशातूनच येत.

1941 मध्ये शंतनुरावांच्या पुढाकाराने हरिहरला लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1946 साली, पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. त्याच वर्षी बंगलोरला इलेक्ट्रिक मोटर्सची कंपनी काढली. एका वर्षात दोन कारखाने, तेही स्वातंत्र्याच्या आधी! आपलं एका सेममध्ये दोन सबमिशन आली तरी डोकं तापतं.

आणि लगेच मोठा घाव बसला. 1948 च्या सुरुवातीला गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. वडिलांनी माळरानावर उभं केलेलं, स्वतः वीस-बावीस वर्षं राबलेलं सगळं डोळ्यांदेखत जळालं. खडकीचं इंजिन अजून बाल्यावस्थेत होतं. अशा वेळी माणूस खचतो किंवा कुणावर तरी राग धरून बसतो. किर्लोस्करांनी वाडी पुन्हा उभी केली आणि इंजिनाचंही काम थांबलं नाही. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली हीच खरी कूलिंग सिस्टिम. उष्णता आत साठू द्यायची नाही, कामाला लावायची आणि उरलेली बाहेर सोडून द्यायची.

शेतकऱ्याचं इंजिन बनवणं वाटतं तितकं सोपं नसतं. ते उघड्यावर चालतं, मे महिन्यात रात्रंदिवस चालतं, पाणी गढूळ, मेकॅनिक दहा मैलांवर. आपण शीट काढतो तेव्हा ढोबळ मानाने डिझेलच्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग कामाला जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि एक तृतीयांश कूलिंग वॉटरमधून जातो. पंपसेटमध्ये यावर साधा उपाय असतो. पंपाच्याच पाण्यातलं थोडंसं इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवायचं आणि पाटात सोडायचं. ना रेडिएटर, ना पंखा. धार कोमट ते गरम हवी. उकळत असेल तर पाणी कमी पडतंय, अगदी गार असेल तर इंजिन नीट तापत नाहीये, डिझेल अर्धवट जळणार आणि लायनर झिजणार. आजोबांचा तळहात नेमकं हेच तपासत होता.

पुढे 1958 मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक निघाली. हवेचे कॉम्प्रेसर आणि त्याबरोबर रेफ्रिजरेशन, एअर कंडिशनिंगचे कॉम्प्रेसर. कारखाना हडपसरला, म्हणजे दौंडला जायच्या सोलापूर रस्त्यावरच. 1962 मध्ये अमेरिकन कंपनीबरोबर कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आली आणि मोठी डिझेल इंजिनं पुण्यात बनू लागली. गंमत बघा, एकाच माणसाच्या हाताखाली उष्णता निर्माण करणारी यंत्रं आणि उष्णता उचलून दुसरीकडे टाकणारी यंत्रं दोन्ही तयार झाली. 1965 साली त्यांना पद्मभूषण मिळालं, फिक्कीचे ते अध्यक्ष झाले. पुण्यात मॉडेल कॉलनीतलं त्यांचं घर ‘लकाकि’, म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, वडिलांच्या नावाची आद्याक्षरं. 24 एप्रिल 1994 रोजी ते गेले. 2003 मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

आता परत मामाच्या गाडीकडे. सुट्टीत मी आणि गॅरेजमधल्या दादांनी ती उघडली. एकेक कारण सापडत गेलं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं, नळ्यांत क्षारांचा पांढरा थर. क्षार लोखंडापेक्षा किती तरी कमी उष्णता वाहून नेतात, म्हणजे इंजिनाला आतून गोधडीच पांघरलेली. समोर एसीचा कंडेन्सर उसाच्या पाचटाने आणि धुळीने बुजलेला. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे एसीने केबिनमधून उचललेली उष्णता रेडिएटरच्या वाटच्या हवेत मिसळते. एसी फुल्ल म्हणजे इंजिनावर दुहेरी ओझं. शिवाय आधी कुणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता, गाडी गार राहते म्हणे! पण त्याने मूळ दुखणं लपलं, एवढंच.

हॉस्टेलवरच्या बाइकवाल्यांनो, घरी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा. गाडी उभी असताना काटा चढतो आणि पळताना उतरतो, तर आधी पंखा आणि त्याचा फ्यूज किंवा पट्टा बघा. उलट, पळताना, चढावर, लोडवर चढतो, तर रेडिएटर आतून तुंबलाय किंवा वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप, गेलाय असा संशय घ्या. एसी पळताना गार आणि सिग्नलला गरम, तर कंडेन्सरला वारा मिळत नाहीये. कंडेन्सर स्वच्छ, पंखा चालू आणि तरी गार होत नाही, तर गॅस कमी असू शकतो. पण गॅस आपोआप संपत नाही. लीक शोधल्याशिवाय भरून घेणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी. पाणी सारखं कमी होतंय, ऑइल दुधाळ दिसतंय, तर हेड गॅस्केट, मग गाडी चालवूच नका.

आणि रस्त्यात काटा चढलाच, तर आधी एसी बंद, हीटर चालू. हो, मे महिन्यातसुद्धा! हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. तरी चढत राहिला तर कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा तास थांबा. झाकणाला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. भरताना कूलंट, निदान शुद्ध पाणी. बोअरचं नको.

मामाचा हात आता बरा आहे, डाग मात्र राहिलाय. जूनमध्ये आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. काटा मधोमध राहिला. पुलाजवळ थांबलो, आजोबांना नवीन कूलंटची बाटली दाखवली तर ते हसले. त्यांच्या इंजिनाची धार चालूच होती. मी हात धरून बघितला. कोमट, जेवढी हवी तेवढीच. यंदा लॅबमध्ये हीट बॅलन्सचं प्रॅक्टिकल आलं की रीडिंग कॉपी करायच्या आधी तुम्हीही एकदा आउटलेटच्या पाण्याखाली बोट धरून बघा. थर्मामीटरचा आकडा तेव्हा जास्त कळतो.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल