एक्स-रे आणि पुढची पिढी

एक्स-रेने कातडी भाजते, हे जुन्या डॉक्टरांना ठाऊक होते. पण त्याची इजा वंशातही उतरते, हे दाखवले हर्मन मुलर यांनी. १८९० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मुलर यांनी टेक्सास विद्यापीठात फळमाश्यांवर एक्स-रे सोडले. माश्यांच्या पुढच्या पिढ्यांत जनुकीय बदल कितीतरी पटींनी वाढले. १९२७ मध्ये त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा जनुके डीएनएची असतात हेही कुणाला माहीत नव्हते.

आज कारण कळले आहे. एक्स-रेमुळे डीएनएचे धागे तुटतात. एकच धागा तुटला, तर पेशी समोरचा धागा पाहून तो सांधते. दोन्ही तुटले, की जोडताना चूक होऊ शकते. अशा चुका साचल्या तर कर्करोग होऊ शकतो. बीजपेशीतली चूक मुलाबाळांपर्यंत जाते.

हिरोशिमानंतर वर्षभराने, १९४६ मध्ये, मुलर यांना नोबेल मिळाले. त्यानंतर १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते किरणोत्सर्गाच्या बेफिकीर वापराविरुद्ध बोलत राहिले. म्हणून गरजेचा एक्स-रे टाळू नका. मात्र गर्भवती असाल तर आधी सांगा.