विश्लेषण : संख्याबळ नसतानाही सरकारला जाब विचारणारे मधु लिमये

सभागृहात बहुमत सरकारचे, मग विरोधी खासदाराने करायचे तरी काय? गोंधळ घालायचा, सभात्याग करायचा की गप्प बसायचे? समाजवादी नेते मधु लिमये यांनी चौथा मार्ग निवडला. तो होता नियमांच्या पुस्तकाचा आणि राज्यघटनेचा. त्यांच्या संसदीय कारकीर्दीचा हा आढावा.

मधु लिमये कोण होते?

मधु रामचंद्र लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असतानाच ते समाजवादी चळवळीत ओढले गेले. युद्धविरोधी भाषणांसाठी १९४० मध्ये त्यांना पहिला तुरुंगवास घडला. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत होते. १९४३ मध्ये पुन्हा पकडले गेले आणि १९४५ मध्ये सुटले. स्वातंत्र्यानंतरही त्यांचा तुरुंगाशी संबंध संपला नाही. जुलै १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारहाण केली आणि लष्करी न्यायालयाने १२ वर्षांची शिक्षा सुनावली. १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

पुण्याचा माणूस बिहारमधून खासदार कसा?

१९६४ मध्ये बिहारमधील मुंगेर लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. लिमये तेथून निवडून आले. मातृभाषा मराठी असली तरी सभागृहात ते हिंदीत बोलत. १९६७ मध्ये ते मुंगेरमधूनच पुन्हा जिंकले. त्या वर्षी त्यांच्या संयुक्त समाजवादी पक्षाचे (संसोपा) २३ खासदार होते आणि पक्षाचे लोकसभेतील नेतृत्व लिमयेंकडे आले. १९७१ च्या इंदिरा लाटेत पक्ष ३ जागांवर आला. लिमयेही पराभूत झाले. १९७३ मध्ये बांका येथील पोटनिवडणुकीतून ते परतले आणि १९७७ मध्ये तेथूनच चौथ्यांदा लोकसभेत पोहोचले. म्हणजे त्यांच्या संसदीय कामाचा मोठा भाग विरोधी बाकांवरचा, तोही छोट्या पक्षाचा सदस्य म्हणून झालेला आहे.

सभागृहात त्यांचे हत्यार कोणते?

प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव, हक्कभंग आणि हरकतीचा मुद्दा ही आयुधे प्रत्येक खासदाराकडे असतात. त्यांचा वापर करायला बहुमत लागत नाही, अभ्यास लागतो. लिमये पूर्ण तयारीनिशी येत. मंत्र्याने आधी दिलेले उत्तर आणि आज दिलेले उत्तर यांतील तफावत ते दाखवून देत आणि सभागृहाची दिशाभूल झाल्याचा मुद्दा थेट हक्कभंगापर्यंत नेत. हरकतीचा मुद्दा उपस्थित झाला की अध्यक्षांना त्यावर निर्णय द्यावा लागतो. त्यामुळे सरकारला विषय टाळून पुढे जाता येत नसे. लिमये उभे राहिले की सत्ताधारी बाकांवर अस्वस्थता पसरते, अशी त्यांची ख्याती होती.

आयात परवाना प्रकरणात काय घडले?

१९७४ मध्ये पुद्दुचेरीतील काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळवून देण्यासाठी खासदारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेल्याचे उघड झाले. त्यातील अनेक सह्या बनावट निघाल्या. काँग्रेसचे खासदार तुलमोहन राम यांचे नाव पुढे आले आणि तत्कालीन मंत्री ललित नारायण मिश्र यांच्यावरही विरोधकांनी बोट ठेवले. सीबीआयचा तपास अहवाल सभागृहासमोर ठेवा, या मागणीसाठी लिमये आणि इतर विरोधी नेत्यांनी सरकारला अनेक दिवस धारेवर धरले. अखेर गोपनीयतेच्या अटीवर विरोधी नेत्यांना कागदपत्रे दाखवण्याची तयारी सरकारला दाखवावी लागली. येथे वाद एका खासदारापुरता नव्हता. सरकारी तपासाची माहिती मागण्याचा संसदेला हक्क आहे की नाही, हा खरा प्रश्न होता.

त्यांच्या नावाचे खटले आजही का वाचले जातात?

कायद्याच्या विद्यार्थ्यांना लिमये हे नाव राजकारणापेक्षा निकालपत्रांतून आधी भेटते. यातील तीन निकाल महत्त्वाचे आहेत.

पहिला १९६८ चा. ६ नोव्हेंबरला बिहारमधील लखीसराय रेल्वे स्थानकावर लिमये आणि सहकाऱ्यांना अटक झाली. त्याच दिवशी त्यांनी पत्राच्या स्वरूपात सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज पाठवला. अटकेची कारणे त्यांना सांगितलेली नव्हती. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चा हा भंग आहे आणि नंतर दंडाधिकाऱ्याने कोठडी दिली म्हणून मूळ दोष धुतला जात नाही, असे सांगत न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला.

दुसरा १९७० चा. जमावबंदीचे कलम १४४ आणि शांततेसाठी हमीपत्र घेण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्यात, ही त्यांची मागणी सात न्यायाधीशांच्या पीठाने फेटाळली. मात्र हे अधिकार खऱ्या निकडीच्या वेळीच वापरावेत आणि चौकशी सुरू न करता अंतरिम हमीपत्र मागू नये, अशा मर्यादा न्यायालयाने स्पष्ट केल्या.

तिसरा १९७७ चा. १९७४ मधील एका पत्रकार परिषदेत महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री अ. र. अंतुले यांच्यावर केलेल्या आरोपांवरून लिमयेंविरुद्ध बदनामीचा खटला दाखल झाला होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याने काही आदेशांविरुद्ध फेरतपासणीला बंदी घातली असली, तरी अन्याय रोखण्यासाठी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार शाबूत राहतात, असे न्यायालयाने म्हटले. फौजदारी संहितेचे कलम ४८२ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५२८ झाले आहे. खोटा गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाणाऱ्यांचे वकील आजही या निकालाचा आधार घेतात.

मुदतीआधीच खासदारकी का सोडली?

आणीबाणीत लिमयेंना मिसा कायद्याखाली अटक झाली आणि मध्य प्रदेशातील तुरुंगांत ठेवण्यात आले. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. सरकारने निवडणूक न घेता ती एक वर्षाने वाढवली. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेले पद त्यापुढे भोगणे अनैतिक आहे, अशी लिमयेंची भूमिका होती. त्यांनी तुरुंगातूनच राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही हाच मार्ग धरला. पुढे ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षे केली. जनता राजवटीत झालेल्या ४४ व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाच वर्षांवर आणली.

जनता पक्ष फुटण्यास ते जबाबदार होते का?

१९७७ मध्ये सत्ता आल्यावर त्यांनी मंत्रिपद नाकारले आणि पक्षाचे सरचिटणीसपद स्वीकारले. जनता पक्षातील पूर्वीच्या जनसंघाच्या नेत्यांनी एकाच वेळी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचेही सदस्य राहावे का, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न त्यांनी लावून धरला. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार पडले. आणीबाणीविरुद्ध मिळालेला कौल लिमयेंच्या हट्टामुळे वाया गेला, असे टीकाकार म्हणतात. समर्थकांच्या मते तो तत्त्वाचा प्रश्न होता आणि सरकार मुळात नेत्यांच्या सत्तास्पर्धेने पोखरले होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. विरोधी बाकांवर ज्या काटेकोरपणामुळे ते प्रभावी ठरले, तोच काटेकोरपणा आघाडी सांभाळताना अडचणीचा ठरला. १९८० मध्ये बांकामध्ये ते पराभूत झाले.

मग त्यांचे महत्त्व काय?

निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाल्यावर त्यांनी उरलेली वर्षे लेखनाला दिली. स्वातंत्र्यसैनिकांचे मानधन आणि माजी खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही. त्यांच्या नावावर मोठी सरकारी योजना नाही, कारण त्यांनी खातेच सांभाळले नाही. त्यांच्या कामाचा हिशेब वेगळ्या ठिकाणी सापडतो. पोलिसाने अटक करताना कारण सांगावे, मंत्र्याने सभागृहात खरे बोलावे आणि मुदत संपली की मतदारांकडे जावे, या तीन साध्या अपेक्षांसाठी ते आयुष्यभर भांडले. यांतील एकही अपेक्षा पूर्ण करून घ्यायला बहुमत लागत नाही. विरोधी पक्षाची ताकद केवळ आकड्यांत मोजताना ही बाब विसरली जाते.