विल्यम हर्शेल

सर फ्रेडरिक विल्यम हर्शेल (जन्म : हॅनोव्हर, १५ नोव्हेंबर १७३८, मृत्यू : स्लाउ, इंग्लंड, २५ ऑगस्ट १८२२) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ, दुर्बीणकार आणि संगीतकार होते. युरेनस ग्रहाचा शोध ही त्यांची सर्वपरिचित कामगिरी होय. दुर्बिणीतून सूर्याकडे डोळ्यांना इजा न होता कसे पाहावे, या व्यावहारिक प्रश्नाचा पाठपुरावा करताना १८०० साली त्यांना अवरक्त किरणांचा शोध लागला.

पूर्वायुष्य

हर्शेल यांचे वडील आयझॅक हे हॅनोव्हरच्या लष्करी वाद्यवृंदात वादक होते. विल्यम यांनीही त्याच वाद्यवृंदात काम केले. १७५७ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि संगीतावर उपजीविका करू लागले. १७६६ मध्ये बाथ येथील ऑक्टॅगन चॅपलमध्ये त्यांची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. १७७२ मध्ये धाकटी बहीण कॅरोलाइन त्यांच्याकडे राहावयास आली. पुढे तीही धूमकेतूंचा शोध घेणारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आली.

दुर्बिणी आणि युरेनस

चांगल्या दुर्बिणीची किंमत परवडत नसल्याने १७७३ पासून हर्शेल स्वतःच धातूचे आरसे ओतून घासू लागले. आरशाला झिलई देताना हात थांबवता येत नसे. अशा वेळी कॅरोलाइन त्यांना घास भरवीत असे. १३ मार्च १७८१ रोजी बाथमधील घराच्या बागेतून आकाश पाहताना त्यांना तबकडीसारखी दिसणारी एक ज्योती आढळली. प्रथम त्यांना तो धूमकेतू वाटला. परंतु कक्षेच्या गणितावरून तो शनीपलीकडचा ग्रह ठरला. या शोधाबद्दल त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १७८२ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांनी त्यांना वार्षिक २०० पौंडांचे वेतन दिले आणि संगीताचा व्यवसाय सुटला. स्लाउ येथे त्यांनी उभारलेली ४० फुटी दुर्बीण १७८९ मध्ये पूर्ण झाली.

सूर्यनिरीक्षणातील अडचण

मोठ्या आरशाच्या दुर्बिणीमुळे मंद तारे उजळ दिसतात; सूर्याच्या बाबतीत मात्र हाच गुण घातक ठरतो. आरशाने गोळा केलेला प्रकाश नेत्रिकेजवळ एकवटतो. त्या काळी रंगीत काच नेत्रिकेपाशीच बसवीत असत. त्यामुळे ती तापून तडकण्याचा आणि क्षणार्धात डोळा गमावण्याचा धोका असे.

हर्शेल यांनी निरनिराळ्या रंगांच्या काचा एकत्र करून पाहिल्या. काही काचांतून प्रकाश फारच थोडा येई, तरी डोळ्याला उष्णता जाणवे. काहींतून प्रकाश भरपूर येई, पण उष्णता कमी वाटे. म्हणजे काच गडद आहे, एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नव्हती. उष्णता सर्व रंगांत सारखी वाटलेली नसावी, अशी शंका त्यांना आली.

अवरक्त किरणांचा शोध

शंकेच्या निरसनासाठी त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला. काळ्या केलेल्या फुग्यांचे तापमापक घेऊन एक रंगात आणि इतर तुलनेसाठी वर्णपटाबाहेर ठेवला. जांभळ्या रंगात तापमान सुमारे २, हिरव्यात ३ हून थोडे अधिक आणि तांबड्यात जवळजवळ ७ अंश फॅरनहाइटने वाढले. त्यानंतर त्यांनी तापमापक तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे सरकवला. तेथे पारा आणखी चढला. डोळ्याला न दिसणारे, पण उष्णता वाहून नेणारे किरण सूर्यापासून येतात, हे यावरून स्पष्ट झाले. या किरणांना अवरक्त हे नाव नंतर मिळाले.

प्रकाश आणि उष्णता यांचे किरण भिन्न स्वरूपाचे आहेत, असे मत हर्शेल यांनी पुढे मांडले. एकोणिसाव्या शतकातील संशोधनाने ते चुकीचे ठरवले. मूळ प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. पाण्यात शाई मिसळून आणि ते मिश्रण कागदातून गाळून त्यांनी त्याचा फिल्टर म्हणून उपयोग केला. त्यातून सूर्यबिंब पांढरेशुभ्र दिसले. पाणी अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते, हे त्याच्या उपयुक्ततेचे एक कारण होय.

सूर्याविषयीची मते

सूर्याच्या तेजस्वी आवरणाखाली घन पृष्ठभाग असून तेथे वस्ती असावी, असे हर्शेल यांनी १७९५ मध्ये प्रतिपादन केले होते. ही कल्पना पुढे पूर्णपणे त्याज्य ठरली. १८०१ मध्ये त्यांनी सूर्यडागांच्या जुन्या नोंदी गव्हाच्या भावांशी ताडून पाहिल्या. डाग कमी असलेल्या पाच कालखंडांत गहू महाग होता, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाची त्या काळी टवाळी झाली. सूर्यडागांचे आवर्तन हाइनरिख श्वाबे यांनी १८४० च्या दशकात दाखवून दिले.

अखेरची वर्षे आणि वारसा

१८१६ मध्ये हर्शेल यांना सरदारकीचा सन्मान मिळाला. पुढे लंडनच्या खगोलशास्त्रीय संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. २५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाउ येथे त्यांचे निधन झाले. सूर्यनिरीक्षणासाठी वापरली जाणारी हर्शेल पाचर त्यांची नव्हे, तर त्यांचे पुत्र जॉन हर्शेल यांची देणगी आहे. अवरक्त किरणांत विश्व पाहण्यासाठी २००९ मध्ये सोडलेल्या युरोपीय अवकाश दुर्बिणीला हर्शेल हे नाव देण्यात आले.

आज प्रमाणित सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवतात, म्हणजे प्रकाश एकवटण्यापूर्वीच अडवला जातो. शोधक दुर्बीणही झाकून ठेवतात. काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म किंवा साधा गॉगल यांतून सूर्य मंद दिसला, तरी अवरक्त किरण डोळ्यापर्यंत पोहोचू शकतात. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने इजा होत असताना ती कळतही नाही. गडद काच आणि सुरक्षित काच यांतील हा भेद हर्शेल यांच्या प्रयोगांतून प्रथम स्पष्ट झाला.