देशाच्या विजेचं नियोजन एकत्र करा, हा आग्रह बाबासाहेबांनी १९४३ लाच धरला होता

कोथरूडच्या एखाद्या घरात पंखा फिरतोय. त्याला मिळणारी वीज कोयनेच्या पाण्याची, चंद्रपूरच्या कोळशाची की परराज्यातल्या एखाद्या केंद्राची, हे कुणालाच वेगळं काढून सांगता येणार नाही. कारण देशभरातली वीजकेंद्रं एकाच जाळ्यात जोडलेली आहेत. यालाच म्हणतात ग्रीड.

पण साऱ्या देशाच्या विजेकडे एकत्र बघणारी यंत्रणा हवी, हा विचार आला कुठून? त्याचा एक मोठा धागा जातो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपर्यंत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. महाडचा सत्याग्रह आणि राज्यघटना सगळ्यांना माहितीये. पण ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते. कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी लंडनची डी.एस्सी. मिळवली.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. याच खात्याकडे वीज आणि पाटबंधारेही होते.

तेव्हा विजेचं चित्र कसं होतं? मुंबईला टाटांच्या खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथल्या केंद्रांची वीज मिळायची. पण देशात बहुतेक ठिकाणी शहरापुरती कंपनी, शहरापुरतं वीजघर आणि खेड्यात अंधार.

२५ ऑक्टोबर १९४३ ला सार्वजनिक बांधकाम आणि वीज धोरण समितीची बैठक झाली. अध्यक्ष होते बाबासाहेब. त्यांचं गणित सरळ होतं. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, म्हणून गरिबी आहे. ती हटवायची तर कारखाने हवेत आणि कारखान्यांना वीज हवी, तीही स्वस्त आणि मुबलक. मग वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? हे प्रश्न त्यांनी थेट मांडले.

१९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. देशाच्या वीज योजनांची पाहणी आणि आखणी एका ठिकाणी व्हावी, हा त्यामागचा हेतू. दामोदर खोऱ्यातही बंगाल आणि बिहार यांना एकत्र आणून पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांची एकच योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली.

१९४६ मध्ये ते मंत्रिपदावरून बाहेर पडले. १९४८ मध्ये वीज पुरवठा कायदा आला आणि त्यातूनच राज्यांची वीज मंडळं आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण उभं राहिलं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं निधन झालं. देशाचं ग्रीड एक व्हायला मात्र ३१ डिसेंबर २०१३ उजाडलं. त्या दिवशी रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी जोडला गेला.

जोडलेल्या जाळ्याचा धोकाही मोठा असतो. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार दुसरीवर जातो, मग तीही बंद पडते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला असंच झालं आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या भागातली वीज गेली. चौकशी समितीचं नेतृत्व होतं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे. २०२१ मध्ये वीज क्षेत्राच्या सायबर सुरक्षेचे नियमही याच प्राधिकरणाने घालून दिले.

म्हणजे साऱ्या देशाच्या विजेची जबाबदारी कुणाची, या बाबासाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर आपण नव्याने शोधतोच आहोत.