ओलेक्सी आल्चेव्स्की : पत, पोलाद आणि पाठशाळा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• रशियन साम्राज्यातील खार्किव हे जत्रांचे शहर बँका व उद्योगांचे केंद्र कसे झाले, हे सांगता येईल.
• परस्पर पतसंस्था, व्यापारी बँक आणि जमीन-तारण बँक यांच्या कार्यातील फरक स्पष्ट करता येईल.
• चरित्रनायकाचे कर्तृत्व आणि त्याचे दोष यांचा एकत्रित विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, उद्योजकाचे चरित्र म्हटले की एक ठरावीक आराखडा आपल्या मनात उभा राहतो : बालपणीची ओढाताण, अपार कष्ट, त्यातून मिळालेले यश आणि उत्तरायुष्यातील दानधर्म. या घटकात आपण ज्यांचा परिचय करून घेणार आहोत, त्या ओलेक्सी आल्चेव्स्की यांच्या आयुष्यात हे सारे आहे. परंतु त्याचा शेवट मात्र या आराखड्यात बसत नाही.

आरंभीच एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. मराठीत ‘पत’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. समाजातील माणसाची विश्वासार्हता म्हणजे पत, आणि त्या विश्वासार्हतेवर मिळू शकणारे कर्जही पतच. ‘पतपेढी’ या शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आल्चेव्स्की यांचे चरित्र वाचताना हा शब्द मनाशी ठेवावा. त्यांचा उदय पतीवर झाला आणि त्यांचा नाशही पत गेल्यामुळेच झाला.

२. जत्रांचे शहर

आजच्या युक्रेनमधील खार्किव हे शहर त्या काळी रशियन साम्राज्यात खार्कोव या नावाने ओळखले जाई. १८०५ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापन झाले होते. मात्र शहराची खरी ओळख होती ती जत्रांची. वर्षातून चार मोठ्या जत्रा भरत. हिवाळ्यातील जत्रा सर्वांत मोठी. उन्हाळ्याच्या आरंभीची जत्रा लोकरीसाठी प्रसिद्ध होती. दूरदूरचे व्यापारी येत, माल उधारीवर उचलत आणि पुढच्या जत्रेत हिशेब चुकता करत. म्हणजेच बँका येण्यापूर्वीच या शहराला उधारीचा व्यवहार परिचित होता. त्यासाठी संस्था तेवढी नव्हती.

दोन घटनांनी ही स्थिती बदलली. १८६१ मध्ये साम्राज्यातील भूदास शेतकऱ्यांची मुक्तता झाली. फुकट राबणारे हात गेल्यामुळे जमीनदारांना मजुरी, अवजारे आणि जुनी देणी यांसाठी रोख पैशाची गरज भासू लागली. पुढे १८६९ मध्ये कुर्स्क–खार्किव–अझोव रेल्वेमार्ग सुरू झाला आणि दक्षिणेकडील दोनेत्स खोऱ्यातील कोळसा शहराच्या आवाक्यात आला. एकीकडे पैशाची मागणी, दुसरीकडे पैसा गुंतवण्याची नवी क्षेत्रे. या दोहोंना जोडणाऱ्या माणसाची शहराला गरज होती.

३. चहाच्या दुकानापासून बँकेपर्यंत

आल्चेव्स्की यांचा जन्म १८३५ मध्ये खार्किव प्रांतातील सुमी या गावी एका लहान व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांचे औपचारिक शिक्षण गावच्या जिल्हा शाळेपुरतेच होते. विद्यापीठाचे तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. जे ज्ञान मिळवले ते स्वतःच्या वाचनातून. १८६२ मध्ये ते खार्किवला आले आणि त्यांनी चहाचे दुकान थाटले. त्याच सुमारास ख्रिस्तिना झुराव्ल्योवा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

चहाच्या दुकानदाराने बँकेचा विचार करावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही. लहान व्यापाऱ्याला सावकाराचा व्याजदर जितका बोचतो, तितका मोठ्याला बोचत नाही. १८६६ मध्ये खार्किवमध्ये परस्पर पतसंस्था स्थापन झाली आणि तिच्या उभारणीत आल्चेव्स्की यांचा पुढाकार होता. अशा संस्थेत सभासद आपापला वाटा भरतात, त्या प्रमाणात त्यांना कर्ज मिळते आणि तोटा झाल्यास तोही सर्वांनी वाटून घ्यायचा असतो. आपल्याकडील पतपेढीचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व अपरिचित वाटणार नाही.

दोनच वर्षांनी, १८६८ मध्ये, खार्किव व्यापारी बँक उभी राहिली. भागभांडवलावर चालणाऱ्या खासगी बँका तेव्हा साम्राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या आणि बहुतेक व्यवहार सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को या दोन शहरांत एकवटलेला होता. अशा काळात प्रांतातील एका शहराने स्वतःची बँक काढणे हे धाडसाचे होते.

१८७१ मध्ये स्थापन झालेली खार्किव जमीन बँक ही याहून महत्त्वाची होय. भागभांडवलावर उभी राहिलेली ही साम्राज्यातील पहिली जमीन-तारण बँक. तिचे कार्य समजून घेऊ. जमीनदार आपली जमीन बँकेकडे गहाण ठेवी. बँक त्या तारणाच्या आधारावर व्याज देणारे रोखे काढी. हे रोखे बाजारात विकले जात आणि त्यांतून जमीनदाराच्या हाती रोकड येई. जमीनदार दीर्घ मुदतीत हप्त्याहप्त्याने कर्ज फेडी आणि त्यातून रोखेधारकांना व्याज मिळे. शेकडो कोस दूर राहणारा, ती जमीन कधीही न पाहिलेला माणूस रोखा विकत घेऊन अप्रत्यक्षपणे तिला कर्ज देऊ लागला. बँकेच्या नावावरील विश्वासाशिवाय हे शक्य नव्हते.

४. कोळसा आणि पोलाद

बँकेच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला कोणत्या धंद्यात पैसा वाढतो आहे, हे इतरांआधी कळते. १८७९ मध्ये आल्चेव्स्की यांनी अलेक्सेयेव्का खाणकंपनी स्थापन केली. दोनेत्स खोऱ्यातील कोळसा काढणाऱ्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होऊ लागली. १८९५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने दोनेत्स्क–युरियेव्का धातुनिर्माण कंपनी स्थापन झाली. युरियेव्का या रेल्वेस्थानकाजवळ तिचा कारखाना उभा राहिला आणि १८९६ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. दक्षिणेतील अवजड उद्योगात फ्रेंच आणि बेल्जियन भांडवलाचे वर्चस्व असताना स्थानिक भांडवलातून एवढा प्रकल्प उभा राहणे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

या काळात खार्किवचे रूपही पालटले. दक्षिण रशियातील खाणमालकांच्या परिषदेचे कार्यालय येथेच होते. शतकाच्या अखेरच्या दशकात रेल्वेइंजिनांचा कारखाना सुरू झाला. आल्चेव्स्की यांच्या दोन्ही बँकांच्या इमारती शहराच्या मध्यवर्ती चौकात उभ्या राहिल्या. त्यांचे वास्तुरचनाकार होते ओलेक्सी बेकेतोव. आल्चेव्स्की यांची कन्या हान्ना हिचे ते पती.

५. रविवारची शाळा

आल्चेव्स्की यांचे चरित्र ख्रिस्तिना यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. मुलींना शिक्षणाची गरज नाही, अशा मताच्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या. भावांना शिकवले जात असताना ऐकून ऐकून त्यांनी अक्षरे आत्मसात केली. खार्किवला आल्यावर त्यांनी स्त्रियांसाठी रविवारच्या शाळेत शिकवण्यास प्रारंभ केला. १८६२ मध्येच सरकारने साम्राज्यातील रविवारच्या शाळा बंद केल्या. तेव्हा ख्रिस्तिना यांनी घरातच वर्ग चालू ठेवला. १८७० मध्ये त्यांच्या शाळेला रीतसर मान्यता मिळाली.

या शाळेत शिकायला कोण येत असे? आठवडाभर शिवणकाम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, दुकानांत राबणाऱ्या स्त्रिया आणि मुली. त्यांना मोकळा असा एक रविवारच मिळे. नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून ही पुस्तिका हाती घेणाऱ्या आपणांस त्या विद्यार्थिनींविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. प्रौढ विद्यार्थी पुस्तकाविषयी काय विचार करतो, याच्या नोंदी ख्रिस्तिना आणि त्यांच्या सहकारी शिक्षिकांनी वर्षानुवर्षे ठेवल्या. त्यांतून ‘लोकांनी काय वाचावे’ या आशयाचा अनेक खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचा गौरव झाला. १८९६ मध्ये शाळेला स्वतःची इमारत मिळाली. तिची रचनाही बेकेतोव यांचीच.

या कार्यामागे आल्चेव्स्की यांचा पैसा होता, तशीच त्यांची आस्थाही होती. युक्रेनी भाषेतील मुद्रणावर १८६३ आणि १८७६ च्या सरकारी आदेशांनी कडक निर्बंध आले होते. अशा काळात आपल्या घराच्या बागेत त्यांनी युक्रेनी कवी तारास शेव्हचेन्को यांचा संगमरवरी अर्धपुतळा उभारला. सार्वजनिक जागी जे करता येत नव्हते, ते त्यांनी खासगी कुंपणाच्या आत केले.

६. अरिष्ट आणि अंत

१८९९ मध्ये युरोपातील पैशाचा बाजार आखडला. परदेशी भांडवलाचा ओघ आटला, रेल्वेबांधणी मंदावली आणि लोखंड व कोळसा यांचे भाव घसरले. सरकारी रेल्वेच्या मागणीवर अवलंबून असलेल्या कारखान्यांना याची झळ सर्वाधिक बसली.

येथे चरित्रलेखकाने सौम्य होऊन चालणार नाही. आल्चेव्स्की यांनी आपल्या बँकांतील पैसा आपल्याच कंपन्यांकडे वळवला होता. कंपन्यांचे भाग बँकेकडे तारण ठेवायचे, त्यावर कर्ज काढायचे आणि तो पैसा पुन्हा उद्योगात घालायचा, असे हे चक्र होते. भागांचे भाव चढे असेपर्यंत ते सुरळीत फिरले. भाव पडताच तारणाची किंमत उतरली आणि बँका व कारखाने एकाच वेळी संकटात सापडले. पैसा मात्र ठेवीदारांचा होता, आणि त्यांना या जोखमीची कल्पना नव्हती.

कर्जरोखे काढण्याची परवानगी आणि रेल्वेसाठी सरकारी मागणी मिळावी, म्हणून आल्चेव्स्की सेंट पीटर्सबर्गला गेले. अर्थमंत्री सेर्गेई विट्टे यांच्याकडून त्यांना नकार मिळाला. जुन्या रशियन पंचांगानुसार ७ मे १९०१ रोजी राजधानीतील एका रेल्वेस्थानकावर गाडीखाली त्यांचा अंत झाला. ही आत्महत्या होती, असेच सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्या रेल्वेने त्यांचा कोळसा आणि लोखंड वाहून नेले, तिच्याच रुळांवर हे घडले.

बातमी येताच खार्किवमध्ये ठेवीदारांची धावपळ उडाली. व्यापारी बँक बुडाली. जमीन बँक मॉस्कोच्या र्याबुशिन्स्की बंधूंच्या हाती गेली आणि नव्या व्यवस्थापनाला सरकारी बँकेचे साहाय्यही लाभले. जुन्या संचालकांवर पुढे खटला चालला. जे साहाय्य आल्चेव्स्की यांना नाकारले गेले, ते त्यांच्या पश्चात संस्थेला मिळाले, हा विरोधाभास इतिहासकारांच्या चर्चेचा विषय ठरला आहे.

७. समारोप

कुटुंबाची संपत्ती गेली, घर विकले गेले, बागेतील पुतळा हलवावा लागला; आज तो कीव येथील शेव्हचेन्को संग्रहालयात आहे. मुलांपैकी इव्हान हे ऑपेरागायक, ह्रिहोरी संगीतकार आणि धाकट्या ख्रिस्तिना कवयित्री म्हणून नावारूपाला आल्या. युरियेव्का स्थानकाला १९०३ मध्ये आल्चेव्स्की यांचे नाव देण्यात आले. तेथील कामगारवस्तीचे पुढे शहर झाले. सोव्हिएत काळात त्याचे नाव दोनदा बदलले आणि १९९१ मध्ये ते पुन्हा आल्चेव्स्क झाले.

रविवारची शाळा मात्र बँक बुडाल्यानंतरही बंद पडली नाही. पतीचे निधन, आर्थिक हानी आणि वाढते वय यांना तोंड देत ख्रिस्तिना यांनी ती पुढेही अनेक वर्षे चालवली.

विद्यार्थी मित्रहो, आल्चेव्स्की यांना केवळ नायक किंवा केवळ अपराधी ठरवणे सोपे आहे. ज्याने ठेवीदारांचा विश्वास धोक्यात घातला, त्याच माणसाने कामकरी स्त्रियांच्या हाती पुस्तक जावे म्हणून आपली संपत्ती खर्च केली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी न लपवणे, ही चरित्रलेखकाची पत होय.

स्वाध्याय

१. जमीन-तारण बँकेचे कार्य आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. १८६१ आणि १८६९ मधील घटनांचा खार्किवच्या अर्थव्यवहारावर कोणता परिणाम झाला?
३. ‘आल्चेव्स्की यांचा ऱ्हास केवळ मंदीमुळे झाला’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
४. आपल्या परिसरातील एखादी पतसंस्था, कारखाना किंवा रात्रशाळा उभारणाऱ्या दिवंगत व्यक्तीचा गुणदोषांसह परिचय सुमारे ३०० शब्दांत लिहा.